ही की ही

४ फेब्रुवारी, मंगळवार

ह्यांच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरच्या दुरुस्तीवाल्यांनी सांगितलं म्हणून लिहिते आहे. "वहिनी, साहेब सकाळी मशीन कसं चालू करायचे, काय बोलायचे, हात कुठे ठेवायचे, जे आठवेल ते लिहून काढा. कितीही फालतू वाटलं तरी," असं ते फोनवर म्हणाले. वही ह्यांचीच आहे, ऑफिसातून मिळालेली या वर्षाची डायरी. जानेवारीत ह्यांनी फक्त तीन ठिकाणी लिहिलं आहे. 'सेलसाठी मागणीपत्र.' 'सेलसाठी स्मरणपत्र.' 'सेलसाठी दुसरे स्मरणपत्र.' एकोणतीस तारखेचं पान कोरं आहे. त्या दिवशी हे गेले.

आधी काय झालं ते लिहिते. काल मी आणि वन्सं, म्हणजे ह्यांची मोठी बहीण, मृत्यूची नोंद करायला नोंदणी कार्यालयात गेलो. जन्म आणि मृत्यू दोन्हींची नोंद तिथेच होते, आणि एकतीस वर्षं ती नोंद हेच करत होते. खिडकीपाशी रांग होती. ह्यांच्या खुर्चीत कोणी नव्हतं, पाठीला ह्यांचा स्वेटर तेवढा होता. शेजारच्या टेबलावर शिक्केवाले बसतात. ह्यांनी छापलेल्या कागदावर शिक्का मारणं हे त्यांचं काम. त्यांना एका कानाने ऐकू येत नाही. मला बघून ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, नोंद करणारे साहेब गेले हो."

मी म्हटलं, तीच नोंद करायची आहे.

मग आतून मोठ्या बाई आल्या. त्या तिथल्या अधिकारी. "तुमच्यापासून काय लपवायचं," त्या म्हणाल्या. "मशीन सुरू होत नाही. म्हणजे होतं, पण कोणत्या डिस्कवरून उठू असं विचारतं. आत तीन डिस्क आहेत. रोज सकाळी साहेब त्यातली एक निवडायचे. कोणती, ते कोणालाच माहीत नाही."

"मग वहीत लिहून घ्या," वन्सं म्हणाल्या.

वह्या दहा वर्षांपूर्वी बंद झाल्या. शेवटची वही ह्यांच्या टेबलावर स्क्रीनखाली होती, स्क्रीन जरा उंच यावा म्हणून.

नोंद तीस दिवसांच्या आत व्हायला हवी. म्हणजे अठ्ठावीस तारखेपर्यंत.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज पुन्हा बोलावलं होतं. चष्म्याच्या दुकानातून अर्धा दिवस सुट्टी घेतली. मी तिथे गिऱ्हाइकांचे डोळे तपासते.

दुरुस्तीवाले पन्नाशीचे आहेत. पोट सांभाळत टेबलाखाली शिरले आणि तिथूनच समजावून सांगू लागले. मशीनमध्ये बटणाएवढी एक सेल असते. मशीन बंद असताना तारीख काय आणि कुठल्या डिस्कवरून उठायचं, हे ती सेल लक्षात ठेवते. ती मेली की मशीन रोज सकाळी कोरं उठतं. "रोज त्याला पहिल्यापासून सगळी ओळख करून द्यावी लागते, वहिनी. साहेब तीन वर्षं करून देत होते."

"तीन वर्षं? आणि नवी सेल का नाही घातली?" वन्संनी विचारलं.

"मागवली आहे ना. मागणीपत्र गेलंय," मोठ्या बाई म्हणाल्या.

मी डायरीतली ती तीन पानं त्यांच्यापुढे धरली. त्या चष्मा काढून बराच वेळ पुसत राहिल्या.

मशीन चालू केलं. काळ्या स्क्रीनवर तीन ओळी आल्या. तिन्हींत तेच नाव, तोच आकडा. तिन्ही डिस्क एकाच बनावटीच्या. पहिली ओळ उजळलेली होती.

"साहेब खूण केल्याशिवाय राहणार नाहीत," असं म्हणून दुरुस्तीवाल्यांनी मशीनचं झाकण उघडलं. खूण केलेली होती. प्रत्येक डिस्कवर चिठ्ठी चिकटवली होती. पण मशीनच्या उष्णतेने डिंक वाळला आणि तिन्ही चिठ्ठ्या सुटून तळाच्या धुळीत पडल्या होत्या. अक्षर ह्यांचंच, प्रत्येक शब्दावर पट्टीने ओढल्यासारखी रेघ.

एका चिठ्ठीवर होतं, 'ही.'

दुसरीवर, 'ही नव्हे.'

तिसरीवर, 'ही तर मुळीच नव्हे. न विचारता सगळे पुसते.'

"ही मशीन कोरं करून नव्याने भरायची डिस्क असणार," दुरुस्तीवाले म्हणाले. मग शिक्केवाले मोठ्याने म्हणाले (ते सगळंच मोठ्याने म्हणतात), "म्हणजे साहेबांनी लिहून ठेवलंय. मिटला प्रश्न."

दुरुस्तीवाल्यांनी एक युक्ती सुचवली. दोन डिस्क काढून ठेवायच्या आणि एकच लावून चालू करायची. पुसणारी निघाली तर स्वतःलाच पुसेल, दुसरं काय पुसेल?

"डिस्क काढायची तर तशी नोंद करावी लागते," मोठ्या बाई म्हणाल्या. "यादीत तीन आहेत."

"करा मग नोंद."

"ती मशीनमध्येच होते."

दुरुस्तीवाले परत टेबलाखाली गेले. तिथे त्यांना काही काम नव्हतं, असं मला वाटलं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

सांगितल्याप्रमाणे ह्यांची सकाळ लिहिते.

सहाला उठत. दाढी करताना बोलत नसत. चहा घेताना वर्तमानपत्रातल्या मृत्यूच्या जाहिराती वाचत आणि म्हणत, "हा आज येईल," किंवा "ही उद्या येईल." मी म्हणे, सकाळी सकाळी असलं बोलू नये. शर्ट दोन काढून ठेवावे लागत. मी विचारायची, हा की हा? हे म्हणत, "दिवसभर दुकानात लोकांना ही काच बरी की ही, असं विचारतेस. घरी तरी सोड."

निघताना चष्मा, रुमाल, किल्ली. दाराच्या चौकटीवर बोट वाजवायची सवय होती. टक टक, थोडं थांबून आणखी एक टक. जेवायला बसल्यावर टेबलावरही तेच. झोपेत पांघरुणावरसुद्धा. लग्नानंतर असं नव्हतं, अलीकडे तीनेक वर्षांत लागलं. मला त्याचा राग येई. एकदा मी बोट धरून ठेवलं, तर दुसऱ्या हाताने वाजवलं.

मशीनबद्दल घरी काही बोलत नसत. यात उपयोगाचं काही दिसत नाही. सोमवारी हे पान दुरुस्तीवाल्यांना वाचून दाखवलं तर ते हसतील.

१० फेब्रुवारी, सोमवार

वाचून दाखवायची वेळच आली नाही. मी गेले तेव्हा ऑफिसात धावपळ चालू होती. शिक्केवाल्यांच्या हातून शिक्का निसटून कीबोर्डवर पडला, नेमका एंटरवर. पहिली ओळ उजळलेली होती, ती निवडली गेली. मोठ्या बाई भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. पण पुसलं काही नाही. मशीन व्यवस्थित उठलं, फक्त सात वर्षांपूर्वीचं. ती जुनी डिस्क होती, म्हणजे 'ही नव्हे'. सात वर्षांपूर्वी नवी डिस्क आल्यावर हिच्यावरचं काम बंद झालं, पण यादीत आहे म्हणून काढली नव्हती.

म्हणजे आता उरल्या दोन ओळी. एक 'ही' आणि एक 'ही तर मुळीच नव्हे'. निम्मी निम्मी शक्यता. चुकलं तर गावातले सगळे जन्म आणि सगळे मृत्यू जातील.

"तोवर जुनीवर काम चालवू," मोठ्या बाई म्हणाल्या. "हिच्यावर नवी नोंद होत नाही, पण दाखले निघतात. खिडकी बंद दिसायला नको."

रांग पुढे सरकली. एक गृहस्थ मुलीच्या जन्माचा दाखला मागायला आले होते. मुलगी सहा वर्षांची, त्यांच्याच हाताला धरून उभी. शिक्केवाल्यांनी मशीनमध्ये बघून सांगितलं, "हिचा जन्म अजून झालेला नाही." मुलीने बापाकडे बघितलं. बाप म्हणाला, "मग ही कोण उभी आहे?" शिक्केवाले म्हणाले, "ते मशीनला कसं दिसणार?"

माझी पाळी आली तेव्हा मोठ्या बाई स्वतः पुढे झाल्या. "मृत्यूचा दाखला आज देता येणार नाही. हयातीचा देऊ का? तो लगेच मिळेल."

मी घेतला. का घेतला ते सांगता येत नाही. त्यावर ह्यांचं नाव आहे आणि खाली लिहिलं आहे की सदर व्यक्ती हयात आहे. शिक्का ताजा होता, पिशवीला शाई लागली.

१२ फेब्रुवारी, बुधवार

वन्सं सकाळीच आल्या आणि चप्पल न काढता खुर्चीवर बसल्या.

"मी जाऊन आले तिथे. आईचा काढून आणला."

"काय काढून आणलं?"

"हयातीचा." त्यांनी पर्समधून घडी काढली. सासूबाईंना जाऊन चार वर्षं झाली. कागदावर त्या अजून होत्या. "आता बोल. सरकारी शिक्का आहे."

"वन्सं, ती जुनी डिस्क आहे."

"माहीत आहे मला. मी काय वेडी आहे?" मग त्यांनी कागद परत घडी करून ठेवला. "तुझ्याकडे नाही का त्याचा? तू टाकलास?"

मी म्हटलं, नाही. मग आम्ही चहा घेतला. दाराशी पावलं वाजली की दोघीही मान वळवत होतो.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

आज ह्यांच्या नावाने पत्र आलं.

'आपण दिनांक ३० जानेवारीपासून विनापरवानगी गैरहजर आहात. खुलासा करावा. खुलासा न आल्यास तीस दिवसांच्या गैरहजेरीनंतर, म्हणजे दिनांक १ मार्चपासून, आपणास सेवेतून बडतर्फ करण्यात येईल.' खाली मोठ्या बाईंची सही.

मी पत्र घेऊन तशीच गेले. मोठ्या बाईंनी मला बसवलं, पाणी दिलं. "माझा हात चालत नव्हता हो सही करताना. पण रेकॉर्डला ते हयात आहेत. हयात माणूस कामावर येत नसेल तर मी काय लिहू?"

"तुम्ही अंत्ययात्रेला आला होतात."

"आले होते ना. पण ते मी वैयक्तिक आले होते."

एकतीस वर्षांत ह्यांनी शेवटच्या आजारपणाखेरीज एक दिवस बुडवला नाही. ताप असला तरी जात. म्हणत, लोक मरायचे थांबत नाहीत, मी कसा थांबू? आणि आता हे बडतर्फ होणार. कायमचं तेच लिहिलेलं राहणार, की कामचुकार होता म्हणून काढला. मला बाकी काही नको. मृत्यू लवकर लिहिला जाऊ दे, एवढंच. असं काही मागावं लागेल असं कधी वाटलं नव्हतं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

चार दिवस काही लिहिलं नाही. दुकान, घर. ह्यांचा चष्मा जेवणाच्या टेबलावर उघडाच आहे. काड्या मिटवायच्या राहिल्या आहेत.

आज ऑफिसात बैठक होती, मलाही बसवलं. उरलेल्या दोन ओळींपैकी एक निवडायची का, यावर. सगळ्यांचं मत पडलं की निवडावी. कोणी निवडावी यावर मात्र कोणाचंच मत पडलं नाही. दुरुस्तीवाले म्हणाले, ते बाहेरचे. शिक्केवाले म्हणाले, "माझ्या हातून एकदा झालंय, आता दुसऱ्याची पाळी." मोठ्या बाई म्हणाल्या, लेखी आदेश असेल तर त्या दाबतील. आदेश कोणी द्यायचा, असं विचारल्यावर कळलं की त्यांनीच द्यायचा.

खिडकीबाहेर एक बाई तीन आठवड्यांचं बाळ घेऊन उभी होती. ती रोज येते. "अजून नाही का जन्मला हा?" तिने विचारलं. शिक्केवाले म्हणाले, "जन्मेल, जन्मेल. धीर धरा."

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

याला माझ्या वन्संच कारणीभूत आहेत.

त्या आज माझ्याबरोबर आल्या. 'ही' लिहिलेली चिठ्ठी मोठ्या बाईंनी पाकिटात जपून ठेवली आहे. वन्संनी ती हातात घेतली, उलटसुलट बघितली आणि म्हणाल्या, "यात डिस्क कुठे लिहिलंय?"

"म्हणजे?"

"माझा भाऊ आयुष्यभर ही कोणाला म्हणाला?" त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "हिला."

शिक्केवाले ताडकन उठले. "खरंय. साहेब फोनवर हेच म्हणायचे. हिला विचारून सांगतो. ही म्हणेल तसं. हिचं मत घेतो. कुठल्याही गोष्टीला."

मला हसू आलं, पण कोणी हसत नव्हतं. मी म्हटलं, "डिस्कलाही ही म्हणतात. काचेलाही म्हणतात. मी दिवसभर म्हणते."

"म्हणतात ना," मोठ्या बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला होता. गेले तीन आठवडे ज्याची वाट बघत होत्या ते सापडल्यासारखा. "पण चिठ्ठी कुठे चिकटवली होती याचा पुरावा नाही. ती मोकळी सापडली. म्हणजे तिचा अर्थ असाही निघतो, की निवड हिने करावी."

आणि त्यांनी तिथल्या तिथे पत्र लिहिलं. 'मयत कर्मचाऱ्याने स्वहस्ते लिहून ठेवल्यानुसार डिस्क निवडण्याचा अधिकार त्यांच्या पत्नीस देण्यात येत आहे.' मयत लिहून खोडलं, कारण मयत अजून झाले नाहीत. मग 'गैरहजर' लिहिलं.

अठ्ठावीसला सकाळी दहाला हजर राहायचं आहे.

घरी येताना वन्सं म्हणाल्या, "रागावलीस?" मी म्हटलं, नाही. खरं म्हणजे खूप रागावले होते. मला मशीनमधलं काही कळत नाही. माझ्या हाताने गावातली सगळी माणसं पुसली गेली तर?

२३ फेब्रुवारी, रविवार

आज एक गोष्ट लिहिते. कोणाला सांगितली नाही.

दवाखान्यात शेवटचे दोन दिवस ह्यांच्या तोंडात नळी होती. बोलता येत नव्हतं. एकोणतीसला दुपारी ह्यांनी माझं मनगट धरलं आणि त्यावर बोट वाजवलं. टक टक, थांबून एक टक. पुन्हा तसंच. मला वाटलं पाणी हवं. ओठ ओले केले. मान हलवली, नको. उशी बदलली. नको. पंखा कमी केला. नको. पुन्हा टक टक, टक. चार वेळा. नंतर हात सुटला.

ह्यांना मला काहीतरी सांगायचं होतं आणि मला कळलं नाही. पंचवीस वर्षं बरोबर राहून कळलं नाही. बडतर्फीपेक्षा हेच मला जास्त खातं.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

शिक्केवाले आज दुकानात आले. जवळचं दिसत नाही म्हणाले. मला वाटतं माझी चौकशी करायला आले होते, पण डोळे तपासून घेतले.

माझी एक पद्धत आहे. गिऱ्हाईक हनुवटी टेकवून बसलं की त्याने बोलायचं नाही, कारण बोलताना हनुवटी हलते आणि नंबर चुकतो. मी काच बदलून विचारते, ही की ही? पहिली बरी असेल तर हातावर एकदा वाजवायचं, दुसरी बरी असेल तर दोनदा. दुकानात सगळे मला यावरून हसतात, पण माझे नंबर चुकत नाहीत.

शिक्केवाल्यांना ऐकू कमी येतं, म्हणून मी त्यांच्या चांगल्या कानापाशी जाऊन विचारलं, "ही की ही?" त्यांनी खुर्चीच्या हातावर दोनदा वाजवलं. टक टक.

माझ्या हातातून काच पडली. फुटली नाही.

ह्यांचे डोळे मीच तपासायची. ह्यांना माझी पद्धत पाठ होती. बोलता येत नव्हतं म्हणून ह्यांनी माझ्या पद्धतीने सांगितलं. दोनदा, म्हणजे दुसरी. मग थांबून एकदा, म्हणजे नक्की.

शिक्केवाल्यांना विचारलं, साहेब मशीनशी काय करायचे आठवतं का? म्हणाले, "मी शेजारीच बसायचो. बाणाचं बटण दाबायचे, मग मोठं बटण. किती वेळा ते कसं सांगू? मशीन ह्या बहिऱ्या कानाच्या बाजूला."

दुसरी. माझी खात्री झाली आहे.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

वन्संना सगळं सांगितलं. दवाखान्यातलंही. मग रडू आलं. मी म्हटलं, "शेवटच्या घडीला ह्यांना ऑफिसची डिस्क आठवत होती. माझ्यासाठी काही नव्हतं."

वन्संनी रुमाल पुढे केला. "अगं, पण मनगट तुझं धरलं ना? मोठ्या बाईंना बोलावून नाही घेतलं."

मग त्या म्हणाल्या, "आणि तो तसाच होता. लहानपणी तापात फणफणला होता, तर आईला काय सांगत होता? वर्गातल्या खडूच्या डबीची किल्ली माझ्या दप्तरात आहे, ती देऊन या."

आम्ही दोघी हसलो. कितीतरी दिवसांनी.

पण आता एक शंका येते आहे. ही सवय ह्यांना तीन वर्षांपासून होती. मी तर ह्यांचे डोळे वीस वर्षं तपासत होते. मग आधी का नाही वाजवलं? विचार करून डोकं दुखतं. दुसरीच.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

सगळं क्रमाने लिहिते.

दहाला पोचले. ऑफिसात आज खिडकीवर रांग नव्हती, सगळी रांग आत आली होती. बाळवाली बाई, सहा वर्षांच्या मुलीचे वडील, आणखी दहाबारा माणसं. सगळे ह्यांच्या टेबलाभोवती. वन्सं माझ्या मागे. मोठ्या बाईंनी विचारलं, "कोणती?" मी म्हटलं, "दुसरी." त्यांनी तसं लिहून घेतलं आणि माझी सही घेतली.

मी ह्यांच्या खुर्चीत बसले. स्वेटर पाठीला लागत होता. दुरुस्तीवाल्यांनी मशीन चालू केलं. तीन ओळी आल्या, पहिली उजळलेली.

"हे बाणाचं बटण," दुरुस्तीवाले हळू म्हणाले. "आणि हे एंटर. घाई नाही."

कीबोर्डवर एक बटण इतरांपेक्षा गुळगुळीत झालं होतं, अक्षर उडालेलं. बाणाचंच. मी त्यावर बोट ठेवलं आणि मनात म्हटलं, जसं मनगटावर होतं तसं. टक टक.

उजेड तिसऱ्या ओळीवर गेला.

"बाई, ती तिसरी," मोठ्या बाई म्हणाल्या. "तुम्ही दुसरी म्हणालात."

"एक वर घ्या, वहिनी," दुरुस्तीवाले म्हणाले. "वरचा बाण, एकदाच."

"अगं, दुसरी म्हणालीस ना काल?" वन्सं.

मी बोट उचललं. दुसरी ओळ वर होती, तिसरी उजळत होती. मी दुसरी म्हणाले होते हे खरं. सहीसुद्धा केली होती. पण दोनदा वाजवलं की दुसरी, हे माझ्या दुकानातलं. तिथे आधी कुठलीच काच लावलेली नसते. इथे पहिली ओळ आधीच उजळलेली असते, म्हणून एकदा दाबलं की दुसरी येते आणि दोनदा दाबलं की तिसरी. तीन वर्षं हे रोज सकाळी दोनदाच दाबत होते. सेल मेल्यापासून. चौकटीवर, टेबलावर, पांघरुणावर, त्या बोटाला दुसरं काही येत नव्हतं. ह्यांनी मला माझ्या भाषेत सांगितलं नव्हतं. स्वतःच्याच सांगितलं होतं, आणि मला समजेल असं धरून चालले होते. हे नेहमीचंच.

"लेखी दुसरी आहे," मोठ्या बाई परत म्हणाल्या.

मी जरा थांबले. ह्यांच्याएवढीच. मग एंटर दाबलं.

स्क्रीन काळा झाला. शिक्केवाल्यांनी डोळे मिटले. बाळ रडायला लागलं आणि त्याच्या आईने त्याच्या तोंडावर हात ठेवला. बराच वेळ फक्त मशीनचा घूं असा आवाज.

मग निळा उजेड आला, आणि ह्यांचं नाव, आणि खाली पासवर्डची चौकट.

"पासवर्ड कोणाला माहीत आहे?" मी विचारलं.

"तो सगळ्यांना माहीत आहे," शिक्केवाले म्हणाले. "कीबोर्डखाली लिहिलेला आहे." कीबोर्ड उचलला. होता.

तारीख-वेळ शिक्केवाल्यांनी सांगितली. म्हणाले, "तारीख मीच सांगायचो रोज. साहेब घालायचे." ती घातल्यावर कोपऱ्यात एक ओळ उमटली. मोठ्या बाईंनी चष्मा लावून वाचली आणि खाली बसल्या. ह्यांच्या नावाने मशीन उघडलं म्हणून हजेरीत आज हे हजर होते. वेळेत. दहा वाजून चौदा मिनिटं, उशीर सव्वादहानंतर धरतात.

"मग ती नोटीस?" वन्संनी विचारलं.

"हजर माणसाला कशी लागू होईल?" मोठ्या बाई म्हणाल्या आणि कपाटातून नोटिशीची प्रत काढून स्वतः फाडली.

पहिल्यांदा बाळ जन्माला घातलं. मीच म्हटलं, ते आधी करा. बाईने पेढे वाटावेत तसे सगळ्यांना हात जोडले. मग माझं. शिक्केवाले विचारत होते, दुरुस्तीवाले टाइप करत होते. पूर्ण नाव. वय. ठिकाण. वेळ. मी सांगत गेले. आवाज कुठे अडखळला नाही, याचं मला नंतर आश्चर्य वाटलं.

कागद छापून आला. शिक्का मारायच्या आधी मोठ्या बाईंनी वाचला आणि त्यांचा चेहरा पडला. "हे असं नाही चालणार. थांबा, दुसरा काढू. माझ्या नावाने उघडून."

मी कागद हातात घेतला. वर मृत व्यक्तीचं नाव, ह्यांचं. खाली नोंदणी करणाऱ्याचं नाव, तेही ह्यांचंच. आणि त्याखाली, प्रत्येक दाखल्यावर असते ती ओळ: 'वरील मजकूर मी स्वतः तपासला असून तो बरोबर असल्याची माझी खात्री झाली आहे.'

गेला महिनाभर मला जो तो सांगत होता, डॉक्टर, वन्सं, शेजारी. माझा कोणावर विश्वास बसला नव्हता.

"दुसरा काढू ना?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"नको," मी म्हटलं. "ह्यांनी तपासलंय ना, मग बरोबरच असणार. शिक्का मारा."